बुटाची साक्ष

३ जानेवारी

प्रिय अक्का,

सलाम. तुझं पाकीट मिळालं. दरवर्षीप्रमाणे तुझ्या पावलांचे कागद येतील म्हणून मी चामडं आधीच काढून ठेवलं होतं. पाकीट उघडलं तर आत एकच कागद, डाव्या पायाचा. पालथं करून झटकलं, उजेडाकडे धरून पाहिलं. तुझी भावजय म्हणाली, "विचारा त्यांना, उजवा पाय कुठे पाहुणा गेलाय का?" शेवटी तोच कागद उलटा ठेवून उजव्या पायाचं माप काढलं. दोन्ही चपला आजच्या टपालाने पाठवतोय. उजवी कुठे दाबली तर कळव. आळस तुझा आणि नाव माझ्या हाताचं जायचं.

आणि तू पेन्सिलीने का लिहितेस? ओळी सगळ्या उतारावरून घसरल्यासारख्या खाली आल्यात. चष्म्याचा नंबर बदलून घे. दिवसभर सुईत दोरा ओवणाऱ्या बाईने डोळ्यांशी चिकटपणा करू नये.

आता माझी बातमी. मंडळीने मला पंच केलं. आम्ही सात जण आहोत. चर्चच्या कारभाराचा निर्णय आमच्या हातात असतो. मला का निवडलं ते कळत नाही. दिवसभर तोंडात खिळे धरून बसणारा माणूस भांडण करणार नाही, असं वाटलं असावं. पण पहिल्याच बैठकीत भांडणच पुढ्यात आलं, आणि तेही आमच्या पाळकसाहेबांचं.

साहेब येऊन चार वर्षं झाली. बोलणं मधासारखं. पण राहणं कसं ते ऐक. दोन मजली घर, पुढे बाग. काळी लांबलचक गाडी, तिच्यात आपण आपला भांग पाडून घ्यावा इतकी चकचकीत. मनगटावर भारी घड्याळ. हे सगळं लाकडाच्या व्यापाऱ्याने भेट दिलंय असं म्हणतात. असेल. पण भेट घेणारा हात पाळकाचाच ना? आमच्यातले मास्तर म्हणाले की, पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी दिलेल्या गाडीतून फिरणारा माणूस शेवटच्या बाकाला कधी दिसणार? शिवाय दर गुरुवारी साहेब पहाटे गाडी काढतात ते संध्याकाळी उगवतात. कुठे जातात, कुणाला ठाऊक नाही. मार्चमध्ये त्यांना ठेवायचं की निरोप द्यायचा, यावर मतं घेणार आहेत.

मी ऐकून घेतलं. पण त्याच आठवड्यात त्यांचे बूट टाच बसवायला माझ्याकडे आले. अक्का, तुला माहीत आहे, मी माणसाचा चेहरा विसरेन, बूट नाही. ज्या म्हातारबांकडे काम शिकलो ते सांगायचे, चालण्याची घडी वेगळी आणि गुडघे टेकल्याची वेगळी. चालण्याची बोटांच्या मुळाशी पसरट पडते. गुडघे टेकणाऱ्याचा बूट पुढून खोल मोडतो, आणि त्याचं नाक जमिनीला घासून पांढरं होतं. आपल्या गावच्या जुन्या पाळकांचे बूट आठवतात का? नाक झिजून आतलं अस्तर दिसायचं. साहेबांच्या बुटांना ती घडी नाही. नाक काचेसारखं गुळगुळीत. वर्षभर वापरलेले बूट आणि एकदाही गुडघा टेकल्याची खूण नाही.

हातात तो बूट घेऊन मी बराच वेळ बसलो. हे बैठकीत सांगू का नको? तूच मला वाढवलंस. तूच सांग.

तुझा,
खिळ्या


१६ जानेवारी

प्रिय खिळ्या,

अक्षर बघून दचकू नकोस. डोळ्यांनी संप केलाय, म्हणून दुसऱ्याचा हात उसना घेतलाय. आमच्याकडे दर गुरुवारी एक माणूस साफसफाईला येतो. नाव विचारलं तर हसतो, म्हणून मी त्याला गुरुवारवाला म्हणते. बादली बाजूला ठेवायला लावून त्याला लिहायला बसवलंय. तुझं पत्रही त्यानेच वाचून दाखवलं. वाचतो छान. तुझ्यासारखे शब्द चावत नाही.

चपला मिळाल्या. दोन्ही मस्त बसल्या. उजवी जरासुद्धा दाबत नाही.

तू पंच झालास हे ऐकून आई आठवली. तुला चार लोकांसमोर उभं केलं की तू तिच्या पदरात तोंड लपवायचास. आता तुला चार लोकांचा निकाल करायचाय. जपून कर.

आपल्या जुन्या पाळकांचं तू बरोबर लिहिलंस. एकच कोट होता त्यांना. आई तापाने पडली तेव्हा ते आले, प्रार्थना केली, आणि उठता उठता कोपऱ्यातली ओकारीची परात उचलून बाहेर गेले. धुऊन आणून जागेवर ठेवली. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. त्यांनी काय प्रार्थना केली ते मला आज आठवत नाही. परात आठवते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी-घराचं मला फार नाही. पण ज्याच्या बुटाला घडी नाही त्याला पाळक म्हणू नका. हाकला त्याला. हे वाक्य लिहिताना गुरुवारवाल्याने विचारलं, "असंच लिहू?" मी म्हटलं, अस्संच लिही, एक अक्षर मऊ करू नकोस. त्याने लिहिलंय ना नीट? मला दिसत नाही, तू तपास.

भावजयीला सांग, उजवा पाय पाहुणा गेला होता, त्याला तिकडेच करमलं.

तुझी,
अक्का


९ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

सलाम. लिहिलंय नीट, एकही अक्षर मऊ नाही. तुझ्या गुरुवारवाल्याची एक गंमत मला दिसली. तो शब्दाशब्दावर रेघ ओढत नाही. सबंध ओळ लिहून काढतो आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात वरची रेघ ओढतो, आम्ही तळव्याला शिवण घालतो तशी. साफसफाई करणाऱ्या माणसाचा हात इतका सरळ चालतो याचं नवल वाटलं.

काल बैठक झाली. साहेबही होते. मास्तरांनी घर, गाडी, घड्याळ असं सगळं सांगितलं. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं. मग मास्तर माझ्याकडे वळले, "तुम्ही काही बोलणार?"  मी उभा राहिलो. बुटाचं सांगितलं. घडीचं, नाकाचं, म्हातारबांकडून काय शिकलो ते. आणि शेवटी तुझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. माझ्या बहिणीचं आहे म्हणून सांगितलं.

 जो तो टेबलाखालून साहेबांच्या पायांकडे बघायला लागला. अक्का, गंमत ही की साहेबही आपल्या पायांकडेच बघत होते. त्यांनी माझं म्हणणं खोडून काढलं नाही. मास्तरांनी विचारलं, गुरुवारी कुठे जाता? ते म्हणाले, "ते सांगण्याचा अधिकार माझ्या एकट्याचा नाही." एवढंच. लगेच कुजबुज सुरू झाली. कुणाच्या मनात जमीनजुमला आला, कुणाच्या मनात आणखी काही. मी कशाला लिहू, हे तुला परका माणूस वाचून दाखवणार.

आज सकाळी ते स्वतः दुकानात बूट न्यायला आले. मला वाटलं रागावतील. टाच उलटीसुलटी पाहून म्हणाले, शिवण सुरेख आहे. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीला एकदा भेटून या. या महिन्यात जमलं तर बरं." मी हो म्हटलं, पण मनात काय ते ओळखलं. मार्चच्या मतांवेळी माझ्यासारखा साक्षीदार गावाबाहेर असला तर कुणाचं बरं होईल, हे कळण्याइतका मी मोठा झालोय.

तरी तुझी आठवण येते हे खोटं नाही. दोन वर्षं झाली. पुढच्या रविवारनंतर येऊ का? तुझ्या खिडकीतल्या चिंचोळ्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचाय.

तुझा,
खिळ्या


२० फेब्रुवारी

प्रिय खिळ्या,

येऊ नकोस. रागावू नकोस, पण येऊ नकोस. घराला रंग द्यायचं चाललंय, बसायला जागा नाही. मीच उन्हाळ्यात येईन. बाकी सगळं ठीक आहे. शेजारीण तुझी पत्रं आणून देते, गुरुवारवाला वाचतो, खायला वेळेवर मिळतं. राणीसारखी आहे.

तुझ्या पाळकाचं वाचून मला वाईट वाटलं. माझं वाक्य तू असं भर बैठकीत म्हणशील असं वाटलं नव्हतं. कागदावर लिहिणं वेगळं आणि माणसाच्या तोंडावर म्हणणं वेगळं. पण आता म्हटलंसच, तर मागे घेऊ नकोस.

इथे मला दर गुरुवारी एक गोष्ट दिसते, म्हणजे ऐकू येते, ती सांगते. हा गुरुवारवाला आला की आधी दारात पायातलं काढून ठेवतो. मग बादलीचा आवाज. मग तो गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पुसतो. उभ्याने पुसायचं लांब दांड्याचं फडकं आहे, तरी नाही. खाटांच्या खाली हात घालून पुसतो. भांडी उचलतो. सगळ्यांनी नाक मुरडावं अशी ती भांडी. तिकडची एक म्हातारी त्याला दर खेपेला नव्याने शिव्या देते, तिची नखं कापून देतो. माझ्या पायाला औषध लावायचं असतं तेव्हा नर्सबाईंच्या हाताखाली वाटी धरून उभा राहतो. पाणी कोमट आहे की नाही ते आधी आपल्या मनगटावर बघतो. देवाने काही माणसं कुठल्या मातीची केली असतील? मी इतकी वर्षं शिवणकाम केलं, इतक्या माणसांची मापं घेतली, पण या माणसाचं माप काही केल्या लागत नाही. आणि हे लिहिताना तो म्हणतोय, "अक्का, हे गाळू या का?" मी त्याला दटावलं. माझं पत्र आहे.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी त्यालाच विचारलं, "तुला काय वाटतं रे, असा पाळक ठेवावा का?" तो फडकं पिळत होता. ते बादलीच्या कडेवर टाकलं. मग म्हणाला, "पंचांचं म्हणणं बरोबर आहे, अक्का. बूट खोटं बोलत नाही."

बघ, साफसफाई करणाऱ्याला कळतं ते साहेबाला कळत नाही.

तुझी,
अक्का


१५ मार्च

अक्का,

घाईत लिहितोय. तुझ्या मागच्या पत्रातल्या 'खाटा', 'नर्सबाई', 'पायाला औषध' यांमुळे मला झोप येत नव्हती. ठरवलं होतं की आजची मतं झाली की उद्या सरळ गाडी पकडायची. पण आज जे झालं ते आधी सांगतो.

साहेब बैठकीला आले आणि त्यांनी टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. घराची किल्ली, गाडीची किल्ली आणि एक लिहिलेला कागद. म्हणाले, बोलण्यात मी चतुर आहे, त्यामुळे बोलणार नाही, कागद वाचा. आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मास्तरांनी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, तक्रार खरी आहे. घर आणि गाडी मी मागितली नाही, पण नाहीही म्हटलं नाही, आणि नंतर ती मला आवडू लागली. दोन्ही परत करतो. ठेवलंत तर चर्चमागच्या खोलीत राहीन, नाही ठेवलंत तर तुम्हाला दोष देणार नाही. गुरुवारचं मात्र मला सांगता येणार नाही, एका आजारी माणसाचं त्यात गुपित आहे.

मतं झाली. तीन ठेवा म्हणाले, तीन नको म्हणाले. सातवा मी. मास्तरांनी कागद माझ्याकडे सरकवला, पुन्हा एकदा वाचून घ्या म्हणाले.

अक्का, मी वाचलं नाही. मला वाचताच आलं नाही. मी फक्त ओळींकडे बघत होतो. प्रत्येक ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढलेली एकच रेघ.

मी पंधरा दिवस मागून घेतले. बाहेर आलो, ते पायरीवर होते. मी विचारलं, माझी अक्का कुठे आहे? ते म्हणाले, "तिला विचारा. मी शब्द दिलाय." आणि त्यांचे डोळे भरून आले.

ज्याच्या हातचं मी गेले दोन महिने वाचतोय ते अक्षर आमच्या पाळकसाहेबांचं आहे. तू कुठे आहेस? तुझ्या पायाला काय झालंय? मी निघणार होतो, पण कुठल्या पत्त्यावर येऊ तेच मला कळत नाहीये. लगेच कळव.

तुझा,
खिळ्या


२१ मार्च

प्रिय खिळ्या,

हे नर्सबाई लिहितायत. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

मागच्या पावसाळ्यात उजव्या पायाला जखम झाली, ती भरली नाही. साखरेचा आजार होता, मी अंगावर काढला. दिवाणखान्यात पाहुणे यावेत तसा एकेक डॉक्टर येऊन बघून गेला आणि शेवटी पाय घोट्याच्या वरून काढला. डोळेही त्याच आजारात गेले. अंधुक दिसतं. घर सोडलं. टेकडीवर आजाऱ्यांचं जे घर आहे तिथे आहे. या भागात असं घर एकच. तू म्हणाला होतास, मी जिवंत असताना तुला असल्या ठिकाणी जाऊ देणार नाही. म्हणून सांगितलं नाही. तू दुकान बंद करून माझ्या उशाशी येऊन बसला असतास. तुला मी त्यासाठी वाढवलं नाही. पावलाचा कागद मात्र पाठवल्यावाचून राहवलं नाही. एकच पाठवला, कारण एकच होता. उजव्या चपलेत मी चष्मा ठेवते. फार उपयोगी आहे.

इथल्या सगळ्यांना मी बजावलं होतं, माझ्या भावाला कळता कामा नये. गुरुवारवाल्याकडून तर वचनच घेतलं होतं. त्या वचनाने मी कुणाचा गळा दाबतेय हे मला ठाऊक नव्हतं.

काल गुरुवार. तुझं पत्र आलं होतं, मी ते नेहमीसारखं त्याच्याच हातात दिलं. तो नेहमीच्याच सुरात वाचत गेला. किल्ल्या, कागद, तीन मतं, सगळं. आणि 'ते अक्षर आमच्या पाळकसाहेबांचं आहे' हेसुद्धा त्याच सुरात वाचलं, जसं काही दुसऱ्याच कुणाचं आहे. शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि बादलीकडे गेला.

मी म्हटलं, इकडे ये. तो आला. मी त्याचा चेहरा हातांनी चाचपला. एवढे महिने मला त्याचा चेहरा बघावासा वाटला नव्हता, नुसते हात पुरत होते.

विचारलं, तर थोडंच बोलला. त्याची आई याच घरात फरशी पुसायची. गुरुवारी या खोलीची पाळी असायची. तो लहानपणी तिच्या मागे बादली घेऊन फिरायचा. ती गेल्यावर तिचा गुरुवार रिकामा राहू नये म्हणून तो येतो. गाडीने येतो, पण टेकडीखाली झाडाआड गाडी लावतो आणि तिथून चालत चढतो. मला म्हणाला, "अक्का, जो माणूस आपली गाडी लपवतो त्याला ती चूक आहे हे माहीत असतं. तुमच्या भावाने बुटाचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ते झाड बाजूला केलं."

मी विचारलं, मी तुला हाकला म्हणत होते, तेव्हा बोलला का नाहीस? एक शब्द बदलला असतास तर मला कुठे कळणार होतं? तो म्हणाला, "पत्र तुमचं होतं."

खिळ्या, मी काल दिवसभर काही खाल्लं नाही. दुःखाने नाही. जेवणाची शुद्धच राहिली नाही. एखाद्या माणसाकडून त्याच्याच फाशीचा हुकूम लिहून घ्यावा आणि त्याने अक्षर वळणदार काढावं! ये आता. गुरुवारी ये.

तुझी,
अक्का


३० मार्च

प्रिय अक्का,

सलाम. हे पत्र नर्सबाईंकडूनच वाचून घे, साहेबांकडून नको. त्यांच्याबद्दल आहे.

गुरुवारी मी तुझ्या खाटेपाशी पोचायच्या आधी दारात काय झालं ते तुला सांगितलं नाही. तिथे ते शेजारीच होते, आणि तुला दिसत नव्हतं. म्हणून लिहितो.

मी तुमच्या खोलीच्या दारात आलो. उंबऱ्याबाहेर, भिंतीला लावून, एक बुटांची जोडी ठेवलेली होती. ओळखायला एक क्षणही लागला नाही, टाच माझीच होती. शेजारी शेजारी, नाकं दाराकडे. काचेसारखी गुळगुळीत. मी खाली बसलो आणि तो बूट उचलला. अक्का, एवढी साधी गोष्ट. माणूस बूट काढून आत जातो, मग बुटावर खूण येणार कुठून? जन्मभर बूट हाताळले आणि माणूस कधीकधी ते काढतो हे लक्षातच आलं नाही. मी बैठकीत उभं राहून छातीठोकपणे जे सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून चुकीचं होतं.

आत पाहिलं. खिडकीतून ऊन फरशीवर पडलं होतं. ते गुडघ्यांवर होते, माझ्याकडे पाठ करून, खाटेखाली हात घालून पुसत होते. बाह्या वर, मनगटावर घड्याळ नाही. त्यांचे अनवाणी तळवे माझ्याकडे होते. जी खूण मी त्यांच्या बुटांवर शोधत होतो ती त्यांच्या पायांच्या बोटांवर होती. बोटांची वरची कातडी घासून घासून जाड आणि काळी पडलीय, गुडघे टेकणाऱ्याच्या बुटाचं नाक घासतं तिथेच. मी तीस वर्षं चर्चमध्ये बसून देवाचं तेज म्हणजे काय ते ऐकतोय. त्या दिवशी ओल्या फरशीवर ते पडलेलं पाहिलं, आणि त्यात एका माणसाची पाठ वाकलेली होती. मला वाटलं, इथून पुढे पाऊल टाकायचं तर माझ्या पायात काही असता कामा नये.

मी माझ्या चपला काढल्या. त्यांच्या बुटांशेजारी ठेवल्या. आत गेलो, बादलीतलं दुसरं फडकं घेतलं. त्यांनी वळून पाहिलं. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाले, "तुम्ही त्या भिंतीकडून घ्या, मी इकडून येतो." मध्यावर कुठेतरी आम्ही भेटलो, आणि तेव्हा तुझा आवाज आला, "आज दोन फडक्यांचा आवाज का येतोय रे?" पुढचं तुला माहीत आहे.

काल मतं झाली. मी उभा राहिलो आणि तू परवानगी दिलीस तेवढं तुझ्याबद्दल सांगितलं. म्हटलं, मी दिलेली साक्ष बुटाची होती, पायाची नव्हती. ती मी मागे घेतो. माझं मत ठेवा असं आहे. मास्तर सगळ्यात आधी उठले आणि चष्मा पुसत खिडकीकडे गेले. लाकडाच्या व्यापाऱ्याने मात्र किल्ल्या परत घेतल्या आणि फुगून बसलाय. साहेब चर्चमागच्या खोलीत राहायला गेले. सामान हलवायला मी होतो. एक पेटी आणि पुस्तकं. निघताना वळून मोठ्या घराकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला म्हणाले, "बाग आवडायची हो." त्यांनी ते लपवलं नाही, म्हणून मला ते आणखी जवळचे वाटले.

आता दर गुरुवारी आम्ही दोघं बसने येणार. दुकानाला त्या दिवशी कुलूप. तुझी भावजयच म्हणाली. तू काही बोलू नकोस, तुझी वचनं घेण्याची पाळी संपली.

तुझा,
खिळ्या


१० एप्रिल

प्रिय खिळ्या,

तू आज तापामुळे आला नाहीस, काढा घे आणि पडून राहा. हे तोच लिहितोय, अक्षरावरून कळलंच असेल.

तुझं मागचं पत्र नर्सबाईंकडून वाचून घे म्हणाला होतास. मी तुझं कधी ऐकलंय? गेल्या गुरुवारी तू फरशीच्या त्या टोकाला होतास, तेव्हा मी ते हळूच त्याच्याच हातात दिलं. त्याने वाचलं. बूट, टाच, मतं, व्यापारी, बाग, सगळं त्याच्या त्या सरळ सुरात. मला वाटलं, छान आहे, पण धाकट्याने थोडक्यात आटोपलंय. संध्याकाळी नर्सबाईंना म्हटलं, पुन्हा एकदा वाचा. तेव्हा कळलं. मधला एक सबंध तुकडा त्याने गाळला होता. ऊन, तळवे, बोटांवरची खूण, तेज. 

स्वतःला हाकलण्याचं एकही अक्षर ज्याने सोडलं नाही त्याने हे सोडलं. मी त्याला आज विचारलं, का रे, पत्र माझं होतं ना? तो बादलीचं पाणी बदलायला निघून गेला.  आत्ता हे लिहिताना त्याचा हात थांबलाय. मला ऐकू येतंय, कागदावर पेन चालत नाहीये. लिही म्हटलं, एक अक्षर मऊ करू नकोस.

तर पुढचं पत्र जुन्यासारखं लिही. त्याला चार शब्द सुनाव. ते तो चांगले वाचतो.

नव्या चपलेसाठी पावलाचं माप आज त्यानेच काढलं, गुडघे टेकून, पेन्सिल पायाभोवती फिरवून. गुदगुल्या झाल्या. सोबत कागद एकच आहे. पाकीट झटकू नकोस.

तुझी,
अक्का